दिली, घेतली

कुंभकोणम
रविवार, ९ जून २०२४

दिवू,

फोन ठेवून दहा मिनिटंही झाली नाहीत. तू नेहमीप्रमाणे विचारलंस, "बाकी काय?" आणि मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "बाकी काही नाही." मग पवित्राने तुझ्या हातून फोन ओढला आणि कानातले नवे डूल मला 'ऐकवले', म्हणजे डोकं हलवून फोनवर आपटले. मी खूप छान वाजतात म्हटलं. तेवढ्यात तुझं "ठेवते गं आई" आलं आणि माझं सांगायचं राहून गेलं. फोनवर माझी जीभ टाळूला चिकटते, हे तुला नवीन नाही. कागदावर जमतंय का बघते.

मला टीबी झाला आहे. फुप्फुसाचा.

बघ, लिहून तर झालं. मिरजेला आमच्या लहानपणी या रोगाचं नावसुद्धा कुणी घेत नसे. सॅनेटोरियमवरून जायची वेळ आली की आई आमचे हात धरून रस्त्याच्या पलीकडून न्यायची आणि पदर नाकाला लावायची, जशी काही भिंतच खोकते आहे. आता तसं काही राहिलेलं नाही. सहा महिने रोज सकाळी उपाशीपोटी गोळ्या घ्यायच्या. माझ्या वजनाला तीन. एकही दिवस चुकवायचा नाही. तेवढं केलं की माणूस खडखडीत बरा होतो, असं शिवरंजनी सांगते. ही सरकारी दवाखान्याची बाई. टीबीच्या पेशंटांनी गोळ्या घेतल्या की नाही हे बघत स्कूटीवरून घरोघर फिरते. वयाने तुझ्याएवढी असेल, पण दटावते माझ्या सासूसारखी. तेव्हा माझी काळजी करू नकोस. माझ्यासाठी हे पत्र लिहीत नाहीये.

पहिल्या भेटीत शिवरंजनीने फॉर्म काढला आणि विचारलं, "अम्मा, घरात आणखी कोण? एवढ्यात कुणी राहायला आलं होतं? लहान मूल?" पाच वर्षांखालचं मूल जवळ असेल तर ते कितीही टुणटुणीत दिसो, त्याला तपासायचं आणि आजार होऊ नये म्हणून त्यालाही सहा महिने गोळ्या द्यायच्या, असा त्यांचा नियम आहे. मी म्हटलं, "मी एकटीच असते." त्यात खोटं काय? मी एकटीच असते. फक्त मे महिन्यात सोळा दिवस नव्हते.

म्हणजे कळलं ना तुला? पवित्राला दवाखान्यात न्यायला हवं.

ती इथे माझ्याच पोटाशी झोपायची. तू म्हणायचीस, आई, तिला लाडावू नकोस, उकडतंय, पंख्याखाली टाक. मी टाकलं नाही. साडेतीन वर्षांची नात मी पहिल्यांदा बघत होते. आणि कान टोचले तो दिवस तर मी विसरूच शकत नाही. इथल्या रीतीप्रमाणे मूल मामाच्या मांडीवर बसवून कान टोचतात. तुझ्या बाबांकडची माणसं तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आली आणि तमिळांच्या बऱ्याच रीती त्यांनी उचलल्या, त्यातली ही एक. तुला भाऊ नाही, म्हणून हनुमंतराव भावजी स्वामीमलैच्या देवळात खास धुतलेलं वेष्टी-धोतर नेसून आले होते. "मामा नाहीं तर काय होलं, मी बसतों मांडी घालून," म्हणाले. सोनार सुई काढून बसला होता आणि मी भावजींना बाजूला सारून स्वतः बसले. त्यांचं तोंड एवढंसं झालं. पवित्रा अर्धा तास माझ्या गळ्यात तोंड खुपसून रडली. तुझे बाबा गेल्यापासून मला इतकं घट्ट कुणी धरलं नव्हतं, दिवू. त्यात मी मधूनमधून खोकत होते. तू विचारलंस तेव्हा म्हटलं, देवळातला धूर.

पत्र उद्या पोस्टात टाकते. पोस्ट ऑफिस काही लांब नाही.

आई

कुंभकोणम
रविवार, ३० जून २०२४

दिवू,

मागचं पत्र टाकलं नाही. तांदळाच्या डब्यामागे आहे. सोमवारी पोस्टाच्या दारापर्यंत गेले होते, तिथून फुलं घेऊन परत आले.

आज तू फोनवर म्हणालीस की पवित्राला आठ दिवस झाले रोज संध्याकाळी अंग गरम लागतं, जेवत नाही, किरकिर करते. सांगायची हीच वेळ होती. आणि मी काय बोलले, तूच ऐकलंस. "उन्हाळा बाधला असेल, सब्जाचं पाणी दे." सब्जाचं पाणी! तू बरं म्हणालीस. शाळेत विज्ञान शिकवणारी माझी लेक माझं ऐकून सब्जा आणायला गेली असेल, या विचाराने मला आज जेवण गेलं नाही.

का सांगता येत नाही, ते तुला चांगलं ठाऊक आहे. बाबांच्या वेळी हेच झालं होतं. त्यांनी मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या, पायाची जखम चिघळली, आणि तू दर रविवारी विचारायचीस तेव्हा मी सांगायचे, "मजेत आहेत." ते समोर बसून हाताने खूण करायचे, सांगू नकोस, उगाच धावत येईल. तू आलीस तेव्हा ते कुणाला ओळखत नव्हते. तेराव्याला तू म्हणालीस, "वेळेवर सांगितलं असतंस तर निदान त्यांच्याशी बोलले तरी असते." मग पाच वर्षं आली नाहीस. लग्नानंतर, बाळंतपणानंतर, कशालाच नाही. रविवारचा फोन तेवढा चुकवला नाहीस. त्याचीही आठवण जावई, हेमंतराव, करून देत असतील, असा मला संशय आहे. आणि आता कुठे मे महिन्यात आलीस, ती निघताना बसमध्ये चढता चढता म्हणालीस, "आई, पुढच्या सुट्टीतही येऊ." एवढ्या एका वाक्यावर मी जून काढला. मी आता तोंड उघडलं की ते वाक्य गेलं.

पण पवित्राला ताप आहे. हेही मला दिसतंय. मी काही इतकी आंधळी नाही.

इथलं थोडं सांगते. गोळ्या गिळताना रोज कुणीतरी बघायला हवं, असा शिवरंजनीचा हट्ट. एकटं माणूस कंटाळून गोळ्या सोडतं म्हणे. मी भावजींना सांगितलं, डॉक्टरांनी व्हिटॅमिन दिलंय, तुम्ही फक्त रोज येऊन बसा. त्यांनी गोळी हातात घेऊन उलटसुलट बघितली. "विटामिनाचा वाण असा लाल असतो कां गे? मी म्हातारा होलों, खुळा नाहीं होलों." तेव्हापासून रोज सकाळी कुंभेश्वराचं दर्शन आटपून येतात आणि ओट्यावर बसतात. "तोंड उघड. जीभ वर कर. होलं." मग अर्धा तास आम्ही दोघं रस्त्याकडे बघत बसतो, कारण गोळ्यांनंतर लगेच कॉफी चालत नाही. कॉफी घेऊन ते जातात. त्यानंतर दिवसभर माझ्याशी बोलायला येतात त्या माझ्याकडे साड्या फॉल-पिकोला टाकणाऱ्या बायका, त्याही दारातूनच. मीच पुढे होऊन साडी घेते, आत येऊ देत नाही. घरात पसारा आहे म्हणते.

उद्या नक्की टाकीन.

आई

कुंभकोणम
रविवार, ४ ऑगस्ट २०२४

दिवू,

हे पत्र मात्र तुझ्या हातात पडेल. शिवरंजनी स्कूटीवर बसून थांबली आहे. मी लिहून दिलं की ती उद्या पोस्ट उघडताच टाकणार आहे. मी टाकेन म्हटलं तर तिचा विश्वास बसला नाही. बरोबरच आहे तिचं.

काल आडी महिन्याची अठरावी, कावेरीच्या पुराचा सण झाला. सगळ्या बायका कावेरीवर ओट्या भरायला गेल्या होत्या. मी गेले नाही. शिवरंजनी सुट्टी असूनही गोळ्यांचं नवं पाकीट द्यायला आली आणि पाणी मागितलं. मी आत गेले, ती मागोमाग आली, आणि भिंतीवरचा फोटो तिने बघितला. कान टोचतानाचा. भावजींनी मोठा करून, चौकट करून आणला होता. मांडी हुकली तरी फोटोची हौस त्यांनीच केली. त्यात पवित्राने भोकाड पसरलंय आणि माझं तोंड तिच्या तोंडाला अगदी लागलेलं आहे.

"हे मूल कोण?"

"नात."

"कधीचा फोटो?"

मी तिला पाणी दिलं. ती खुर्चीवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "अम्मा, किती दिवस होती इथे?" मी सांगितलं. ती म्हणाली, "फोन लावा." मी लावला. तू उचललास, "काय गं, आज शनिवारी?" म्हणालीस, आणि मी म्हटलं, "सहज." तिने माझ्या हातून फोन घेतला. पुढचं सगळं तिने तुला तमिळमध्ये सांगितलं. शेवटी "सरी", बरं, एवढंच म्हणालीस आणि फोन ठेवलास, एवढं मला ऐकू आलं.

फोन ठेवून शिवरंजनी मला म्हणाली, "मी तारखा सांगितल्या नाहीत. त्या तुम्ही सांगा."

तर आता तारखा.

तू काल असं समजली असशील की तुम्ही गेल्यावर माझा आजार निघाला. आईला बिचारीला काय ठाऊक! असं समजून तू मला माफही केलं असतंस. शिवरंजनी काही बोलणार नव्हती. पण ते तसं नाही. माझ्या थुंकीत जंतू आहेत, हा रिपोर्ट १० मेला, शुक्रवारी माझ्या हातात आला. तुमची गाडी शनिवारी अकोल्याहून सुटायची होती. एक फोन केला असता तर तुम्ही चढलाच नसतात. मी तो रिपोर्ट हातात घेऊन बसले आणि मग उठून पवित्रासाठी मुरुक्कू तळायला घेतले.

याहून वाईट पुढे आहे. डॉक्टरांनी सोमवारीच गोळ्या सुरू करायला बोलावलं होतं. दोन-तीन आठवडे गोळ्या पोटात गेल्या की माणसापासून दुसऱ्याला लागण होणं बरंचसं थांबतं, हेही तिथल्या नर्सने समजावलं. त्याच दमात ती म्हणाली की लघवी नारिंगी होईल, घाबरू नका. मी घाबरले ती त्यालाच. घरात एकच न्हाणीघर, तुझी नजर तीक्ष्ण, तुला एका दिवसात कळलं असतं. म्हणून दवाखान्यात सांगितलं की नात्यात लग्न आहे, तंजावरला जातेय, महिनाअखेरीस येते. तुम्ही २८ला गेलात. २९ला मी पहिली गोळी घेतली. ते सोळा दिवस मी अशीच, काही न घेता, तिच्या उशाशी होते.

मला मरणाची भीती नव्हती गं. तू येणार नाहीस याची होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. कारण म्हणून ते कुठेच चालणार नाही.

तिला अजून नेलं नसलंस तर आजच ने. छातीचा एक्स-रे आणि हातावर सुई देऊन करतात ती तपासणी, दोन्ही कर. तिचा ताप कशाचा होता ते डॉक्टरांना ठरवू दे, माझ्या सब्जावर जाऊ नकोस. तू आणि हेमंतरावही तपासून घ्या. आधीची दोन पत्रं यातच घालतेय. तीही वाच.

आई

कुंभकोणम
रविवार, २५ ऑगस्ट २०२४

दिवू,

हे पत्र पाठवणार नाही. तू सांगितलं आहेस तसं वागते आहे. लिहिण्यावाचून मात्र राहवत नाही.

माझं पाकीट नऊ तारखेला पोचलं, हे हेमंतरावांच्या मेसेजमधून कळलं. "पत्र वाचलं. ती इतक्यात बोलणार नाही. पवित्राचा एक्स-रे साफ आहे." तो मेसेज मी भावजींना वाचून दाखवला आणि दोघंही ओट्यावर बसून रडलो. शेजारच्या अलमेलूने विचारलं, काय झालं? भावजी म्हणाले, कांदे चिरत होतो. ओट्यावर!

चार दिवसांनी दुसरा मेसेज आला. हातावर सुई दिलेली जागा फुगली. म्हणजे जंतू तिच्या अंगात शिरले आहेत, पण झोपलेले आहेत. मी दिलेले. ते झोपेतच मरावेत म्हणून सहा महिने रोज गोळी, १४ फेब्रुवारीपर्यंत. ताप साधाच होता आणि आपोआप गेला. एवढं सगळं हेमंतरावांनी व्यवस्थित कळवलं. शेवटी लिहिलं होतं, "ती म्हणते की फोन करू नका, पत्र पाठवू नका."

आणि मग १९ तारखेला सकाळी सात चाळीसला तुझा मेसेज आला. एकच शब्द. "दिली."

मी तो शब्द किती वेळ वाचला, सांगत नाही. विचारावंसं वाटलं, कशी घेतली? थुंकली का? गुळाबरोबर देतेस की मधाबरोबर? पण तू बोलायचं नाही म्हटलं होतंस. मीही एकच शब्द पाठवला. "घेतली." त्याला तू उत्तर दिलं नाहीस. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा "दिली" आलं. आज सातवा दिवस आहे.

मला कळतंय की हे माझ्यावरच्या मायेने नाही. रोज सकाळी मला आठवण राहावी, म्हणून पाठवतेस. राहू दे. आठवण म्हणून आलं तरी येतं ना! भावजींनी विचारलं, "हल्लीं फोन हातांत घेऊनच मात्रै गिळतेस कां?" मी म्हटलं, हो.

आई

कुंभकोणम
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

दिवू,

हेही पाठवायचं नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

दिवाळी होताच भावजींना त्यांच्या मुलाने कोइंबतूरला नेलं. गुडघे गेले आहेत, एकटे राहवत नाही. निघताना गाडीतून मान बाहेर काढून म्हणाले, "आतां तुझ्या मात्रै कोण पाहणार गे?" मी म्हटलं, संपतच आल्यात. गाडी वळली आणि मी घरात आले. त्या दिवसापासून ओटा झाडते तेवढाच.

माझ्या गोळ्या मंगळवारी, १२ तारखेला संपल्या. थुंकी तपासली, एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, बऱ्या झालात, आता येऊ नका. शिवरंजनीने कार्डावर शेवटचा शिक्का मारून माझ्या पाया पडल्यासारखं केलं आणि म्हणाली, "अम्मा, आता माझी सुटका." तिच्याकडे नवे पेशंट आहेत, एक इन्नंबूरला, दोन नाचियार्कोविलला. ती कशाला येईल? मी तिला जेवायला थांबवलं. ती थांबलीही. जेवून गेली.

बुधवारी सकाळी गोळ्या नव्हत्या. मी सहाला उठून बसले होते, सवयीने. सात चाळीसला "दिली" आलं. मी लिहायला घेतलं, "माझ्या संपल्या, मी बरी झाले." आणि मग वाटलं, हे वाचलं की तुझं काम संपलं. पेशंट बरा झाला, आठवण कशाला करायची? उद्यापासून सात चाळीसला काहीच येणार नाही. मी ते पुसलं आणि "घेतली" पाठवलं. गुरुवारी पुन्हा. शुक्रवारी, शनिवारी, आज.

आयुष्यभर लोकांनी गोळ्या न घेता घेतल्या म्हणून सांगितलेलं मी ऐकलं. तुझे बाबा तर त्यात पटाईत होते. माझं खोटं त्यांच्याही वर गेलं. पण यात कुणाचं काही बिघडत नाही ना? मी बरीच आहे. पवित्राच्या गोळ्या चालू आहेत. फेब्रुवारीत तिच्या संपतील, तेव्हा आपोआप सगळंच संपेल. तोवर सकाळचे एवढे दोन शब्द मला असू देत.

असं मी माझं मलाच समजावते आहे.

आई

कुंभकोणम
सोमवार, २७ जानेवारी २०२५, सकाळी

दिवू,

तुझा मेसेज मघाशी वाचला. "दिली" नंतर आज पहिल्यांदाच आणखी काही लिहिलं होतंस, म्हणून आधी मला वाटलं दुसऱ्या कुणाचा आला. तिसऱ्यांदा वाचला तेव्हा अर्थ लागला.

तू लिहितेस, "आई, तुझे सहा महिने नोव्हेंबरमध्येच संपायला हवे होते. अजून गोळ्या चालू आहेत म्हणजे त्या लागू पडत नाहीयेत. तू नेहमीसारखी लपवते आहेस. मी शाळेत रजा टाकली आहे. परवाच्या गाडीने येतेय. पवित्राला आणत नाही, उगाच धोका नको. हेमंत तिच्या गोळ्या बघेल. आल्यावर मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ. मी आहे. घाबरू नकोस."

मी आहे, असं लिहिलंस. पाच महिन्यांत एक शब्द सोडून काही न बोललेली तू.

अर्धा तास मी काहीच केलं नाही. खोटं कशाला सांगू, मग उठले आणि तुझी खोली झाडायला घेतली. गादी उन्हात टाकली. अलमेलूला सांगून आले की या आठवड्यात लेक येतेय, जरा जास्त दूध ठेव. तिने विचारलं, "नात?" मी म्हटलं, ती नाही, एकटीच येतेय, माझ्यासाठी. हे बोलताना मला काय वाटत होतं ते लिहायची लाज वाटते. उशीला अभ्रा घालताना मनात बेत झाला होता. तू येशील, डॉक्टर तपासतील, म्हणतील, अहो या तर बऱ्या आहेत. मी म्हणेन, देवाची कृपा. तुला कधीच काही कळणार नाही. आठ दिवस तू इथे असशील.

मग पुन्हा तुझा मेसेज वाचला. 'हेमंत तिच्या गोळ्या बघेल.' हेमंतराव चांगले आहेत, पण स्वतःचा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात. पवित्राचे अठरा दिवस राहिले आहेत, आणि ते सोडून तू माझ्यासाठी निघाली आहेस, मला नसलेल्या आजारासाठी. मे महिन्यात मी रिपोर्ट हातात घेऊन बसले होते तशीच आज अभ्रा हातात घेऊन बसले आहे, हे मला तेव्हा दिसलं. मे महिन्यातही पोरीचं काय होईल ते मी तळणीच्या आवाजात ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

म्हणून लिहिते. माझ्या गोळ्या १२ नोव्हेंबरला संपल्या. तेरा तारखेपासून आजपर्यंत रोज सकाळी मी तुला "घेतली" असं खोटं पाठवत होते. शहात्तर वेळा. कार्डाचा फोटोही पाठवते आहे, शेवटचा शिक्का बघ. ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये लिहून न पाठवलेली दोन पत्रं आहेत, तीही पाठवते. का खोटं बोलले ते त्यात आहे. इथे पुन्हा लिहीत नाही.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. ते पोचेपर्यंत तू गाडीत बसलेली असशील, आणि मी पत्र टाकलं होतं म्हणून मोकळी होईन. मला ती पळवाट ठाऊक आहे. म्हणून पानांचे फोटो काढून आत्ता, नऊच्या आत पाठवते आहे. तू शाळेत जाण्यापूर्वी वाचशील. तिकीट रद्द करायला वेळ आहे.

पवित्राच्या गोळ्या तूच दे, शेवटचीसुद्धा.

मी बरी आहे, दिवू. मला काहीही झालेलं नाही. यायची गरज नाही.

आई